मक्याचा हिशेब, रक्ताची मोजणी

सिद्धार्थ मुखर्जींच्या 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज'च्या अर्पणपत्रिकेत एक नाव आहे: रॉबर्ट सँडलर. नावापुढे कंसात दोन सालं, १९४५–१९४८. अर्पणपत्रिकेवर वाचक फारसा थांबत नाही. आईवडिलांना, गुरुजींना, कुणा 'तिला' केलेलं ते अर्पण, त्यात आपलं काय, असं म्हणून आपण पान उलटतो. कर्करोगाचा हजारो वर्षांचा इतिहास सांगणारं हे जाडजूड पुस्तक २०१० साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं, एवढ्या माहितीवर मी ते वाचायला घेतलं होतं.

काही प्रकरणांतच तो मुलगा भेटतो. बॉस्टनमधला, दोन वर्षांचा, जुळ्यांतला एक. रक्ताचा कर्करोग. १९४७ चा डिसेंबर संपता संपता डॉ. सिडनी फार्बर त्याला ॲमिनॉप्टेरिन नावाचं नवं औषध देऊ लागतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींची सारखी चढत चाललेली संख्या उतरायला लागते. जानेवारीत पोरगा आपल्या पायांनी चालत दवाखान्यात येतो. प्लीहा आणि यकृत इतकं आकसलेलं असतं की त्याचे कपडे पोटावर सैल झालेले असतात. महिनाभर तो आणि त्याचा भाऊ पुन्हा सारखे दिसतात.

तिथून मी उलटी पहिल्या पानावर गेले. १९४८. म्हणजे त्याच वर्षी तो गेला.

पोटावर सैल झालेले कपडे ही एका डॉक्टरची नोंद आहे. अवयवांची सूज उतरली, एवढंच तिला सांगायचं आहे. पण रोज सकाळी त्या पोराला सदरा घालणाऱ्या आईच्या बोटांना ही गोष्ट तपासणीच्या आकड्यांआधी कळली असणार. हे मुखर्जींनी लिहिलेलं नाही, ते माझ्या मनात आलं, आणि ते येण्यासाठी त्यांनी जागा ठेवली. मी आजवर वाचलेल्या कित्येक कादंबऱ्यांतल्या मृत्यूंपेक्षा हा सैल सदरा मला जास्त लागला.

विज्ञान डोक्यासाठी आणि कादंबरी काळजासाठी ही वाटणी मला पटत नाही. मी दोन्ही आळीपाळीने वाचते, भांडुपहून परळला जाणाऱ्या धीम्या गाडीत, रात्री मुलं झोपल्यावर, रविवारी दुपारी. आणि दोन्हीकडे मी एकच गोष्ट शोधत असते: लेखकाने मला मोजमाप दाखवलं का? काय होतं, किती होतं, कशाच्या बदल्यात गेलं? ते दाखवलं की रडू आपोआप येतं, थक्क व्हायलाही आपोआप होतं. ते न दाखवता जो नुसता 'रडा' किंवा 'थक्क व्हा' म्हणतो, त्याचं पुस्तक मी अर्ध्यावर सोडते.

अशी पुस्तकं दोन्हीकडे भरपूर आहेत. भावनाप्रधान म्हणवणाऱ्या कादंबरीत एकाच पानावर पाऊस, आजारपण आणि न पाठवलेलं पत्र आलं, की लेखकाची घाई मला दिसायला लागते. माणूस नीट उभा राहण्याआधीच त्याला मारायचं असतं. लोकप्रिय विज्ञानात हेच काम विशेषणं करतात. विश्व अफाट, अथांग, अनंत, आणि आपण त्यात धुळीचा कण. दहाव्यांदा धुळीचा कण झाल्यावर काहीच वाटेनासं होतं. त्यातून काही लेखक शेवटच्या प्रकरणात 'हे सगळं आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं' म्हणून मोकळे होतात. मला त्याची चीड येते, कारण ज्यांनी रात्र रात्र जागून मोजमापं घेतली त्यांचे कष्ट त्या एका वाक्यात पुसले जातात.

आमच्या घरात हा वाद फार आधीपासूनचा आहे. लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन वाचक होते. आई कादंबऱ्या वाचायची, बाबा विज्ञान. बाबा गिरणीत साचेखात्यात होते, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप शेवटपर्यंत रीतसर मागे घेतलाच गेला नाही. बाबा परत गिरणीत गेले नाहीत, पुढे एका छापखान्यात लागले. वाचायची सवय संपाच्या रिकाम्या दिवसांतली. जयंत नारळीकर हे त्यांचं दैवत. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, ही गोष्ट बाबा आल्यागेल्याला सांगायचे. केंब्रिजहून आलेला, जगात नाव झालेला माणूस, आणि आपल्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून नाव लपवतो! बक्षीस पहिलंच मिळालं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. नारळीकरांचं लिखाण त्यांना आवडायचं त्याचं कारण ते एका वाक्यात सांगत: "हा माणूस समजावून सांगताना दमत नाही." २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेल्याची बातमी आली तेव्हा बाबांनी 'आकाशाशी जडले नाते' कपाटातून काढलं आणि दिवसभर मांडीवर ठेवलं. जेवायलाही ते बाजूला ठेवून उठले आणि पुन्हा घेऊन बसले.

पण मला सांगायचंय ते 'पाडस'बद्दल. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद मराठी घरांत इतका मुरलाय की तो अनुवाद आहे हेच आपण विसरतो. आईने तो वाचनालयातून आणला होता. तिचा झाला, मग कधी नव्हे ते बाबांनी घेतला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. फ्लोरिडाच्या रानात राहणारं एक गरीब कुटुंब, ज्योडी नावाचा एकुलता एक मुलगा, त्याने पाळलेलं हरणाचं पाडस. पाडस मोठं होतं आणि शेतातला मका खायला लागतं. बाप दुखणं घेऊन अंथरुणावर. पोरगा मका पुन्हा पेरतो, एकट्याने खपून कुंपण उंच करतो, आणि ते हरीण त्या उंच कुंपणावरूनही उडी मारतं. आई गोळी झाडते, ती नीट लागत नाही, तळमळणाऱ्या जिवाला संपवायचं काम पोरालाच करावं लागतं.

बाबांनी पुस्तक संपवलं आणि ते बराच वेळ काही बोलेनात. आई भाजी निवडत होती. शेवटी तेच म्हणाले, "अगं, पण पोराच्या हातून..." पुढे त्यांना वाक्य पुरं करता येईना. आई मान वर न करता म्हणाली, "वर्षाचा मका गेल्यावर त्यांनी काय माती खायची होती?"

तेव्हा मी आईवर रागावले होते. कादंबऱ्या वाचून डोळे पुसणारी हीच बाई, आणि इथे ती बंदूक चालवणाऱ्या आईच्या बाजूने! आता स्वतःचं घर चालवताना कळतं की तिने ती कादंबरी आम्हा सगळ्यांपेक्षा बारकाईने वाचली होती. संपाच्या काळात रॉकेल किती उरलंय, वाण्याची उधारी किती झालीय, मंगळसूत्रातल्या वाट्या सोडवायला किती पैसे लागतील, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. रॉलिंग्जनी मका किती पेरला, किती वाचला, पूर कधी आला, रानातली जनावरं रोगाने कशी मेली, हे शेवटाच्या कितीतरी आधीपासून मांडत आणलेलं आहे. जो वाचक त्या पानांना 'वर्णन' म्हणून भरभर ओलांडतो, त्याला शेवट क्रूर वाटतो. आईने ओलांडली नाहीत. म्हणून तिला शेवट क्रूर वाटला नाही, अटळ वाटला, आणि अटळ गोष्टीवर ती रडत नसे. बाबांचं दुःख पोराच्या बाजूने होतं, तेही खरंच होतं. त्या पुस्तकात दोघांना जागा होती.

'श्यामची आई'चंही मला असंच वाटतं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलं. त्याच्यावर हळवेपणाचा शिक्का मारणाऱ्यांशी मी नेहमी भांडते. त्या पुस्तकात गरिबीला रुपये-आण्यांचे आकडे आहेत, सावकाराचा तगादा आहे, अंघोळीनंतर ओले पाय टेकायला आईच्या ओच्याचा हट्ट धरणारा पोरगा आहे. ओले पाय, मातीची जमीन, लुगड्याचा ओचा. तीन वस्तूंवर तो सगळा प्रसंग उभा आहे आणि म्हणून नव्वद वर्षांनंतरही उभा आहे.

विज्ञानाच्या पुस्तकांत मला असा ओचा शोधायची सवय लागली ती अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनमुळे. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली सुटलं, वरळीचं नेहरू तारांगण सुरू झालं त्याच वर्षी. १४ फेब्रुवारी १९९० ला, सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून, सेगनच्या आग्रहावरून त्याने मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला. फोटोत पृथ्वी एका ठिपक्याहूनही लहान आहे, यावर सेगनने लिहिलेलं प्रसिद्धच आहे आणि ते सुंदर आहे. पण माझा जीव अडकला तो एका तांत्रिक तपशिलात. ती छायाचित्रं घेऊन झाल्यावर थोड्याच वेळात यानाचे कॅमेरे बंद करण्यात आले. पुढे पाहण्यासारखं जवळ काही नव्हतं, वीज वाचवायची होती. यान आजही जातंय, मोजमापं पाठवतंय, पण त्याने पाहिलेली शेवटची दृश्यं म्हणजे आपण आणि आपले शेजारी ग्रह. ही बातमी कुठल्याही विशेषणाशिवाय वाचली आणि मी कुर्ल्याला उतरणाऱ्या बायकांच्या गर्दीत पुस्तक छातीशी धरून तशीच उभी राहिले.

वरळीवरून आठवलं. दख्खनच्या पठाराचा काळा पत्थर हा लाव्हाचा, एकावर एक साचलेल्या थरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा, हे शाळेत पाठ केलेलं असतं. साडेसहा कोटी हा आकडा परीक्षेत लिहायला सोपा आहे, मनात मात्र तो काहीच उमटवत नाही. मग एका पुस्तकात वाचलं की लाव्हाच्या दोन लोंढ्यांच्या मध्ये मोठा काळ जायचा. जमीन थंड व्हायची, डबकी साठायची, झाडोरा उगवायचा, आणि त्या डबक्यांत बेडूक असायचे. वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या खडकात त्या छोट्या बेडकांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच सापडले होते. आपल्या वरळीला! पुढचा लोंढा येईपर्यंत त्यांच्या कितीतरी पिढ्यांनी पावसाळ्यात ओरडून घेतलं असेल. त्यानंतर साडेसहा कोटी या आकड्याला माझ्यापुरता आवाज आला. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे ते उभे काळे खांब पाहायला मी मुलांना घेऊन गेले तेव्हा त्यांना आधी बेडकांचीच गोष्ट सांगितली. थोरल्या मुलाने विचारलं, "मग त्या बेडकांना कळलं असेल का लाव्हा येतोय ते?" या प्रश्नाला विज्ञान म्हणायचं की साहित्य, मला खरंच सांगता येणार नाही.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' मी याच रांगेत ठेवते. गुलामाचं तान्हं पोर, आईसकट पळवून नेलेलं, आणि एका घोड्याच्या बदल्यात परत मिळालेलं. आई परत आलीच नाही. घोडा हा तिथला हिशेब. पुढचं भुईमुगाचं, मातीचं, टस्कीगीच्या शाळेचं सगळं संशोधन वाचताना तो घोडा डोक्यातून जात नाही.

आता पुन्हा मुखर्जींच्या पुस्तकाकडे यायला हवं, कारण त्यातला एक धागा थेट माझ्या रस्त्यावर येऊन पोचतो. फार्बरनी रॉबर्टला दिलेलं औषध आलं कुठून? ते आलं यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या माणसाकडून. अमेरिकेत सुरुवातीला रात्रपाळीला रुग्णालयात हमालीसारखी कामं करणारे हे शास्त्रज्ञ पुढे लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडवर काम करत होते. फॉलिक ॲसिडमुळे रक्तपेशी वाढतात, तर त्याच्यासारखं दिसणारं पण त्याची वाट अडवणारं रसायन दिलं की बेबंद वाढणाऱ्या पेशी थांबतील, असा तो विचार. आणि फॉलिक ॲसिडचा माग आधी कुठे लागला? मुंबईत.

लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक विचित्र पंडुरोग दिसत होता: रक्त कमी, पेशी मात्र फुगून मोठ्या झालेल्या, आणि बाळंतपणाच्या सुमाराला बाई दगावायची. विल्स यांचं काम चालायचं परळच्या हाफकिन संस्थेत. आधी त्यांनी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग त्या बायका काय जेवतात ते पाहिलं. भाजी, फळं, दूध, सगळ्याचीच वानवा. उंदरांवर प्रयोग केले, तर त्यांच्या अंगावरच्या उवांतून आलेल्या संसर्गाने निकालांचा घोळ झाला. मग माकडांवर प्रयोग. शेवटी मार्माइटने गुण आला. बिअर गाळून उरलेल्या यीस्टपासून बनवलेला, काळा, चिकट, खारट, स्वस्तातला पदार्थ. बायकांनाही गुण आला. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यात नेमकं काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला विल्स यांचंच नाव पडलं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढण्यात आलं, तेव्हा कुठे उलगडा झाला.

हाफकिनपासून टाटा मेमोरियल रुग्णालय चालत दहा मिनिटांवर आहे. ते १९४१ मध्येच सुरू झालं. ॲमिनॉप्टेरिनचं भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. म्हणजे परळच्या गिरणीतली एक पांढरीफटक बाई, लंडनहून आलेली एक डॉक्टर, भीमावरमचा एक शास्त्रज्ञ, बॉस्टनचा एक दोन वर्षांचा मुलगा, आणि आज टाटाच्या फाटकाशी फायली पोटाशी धरून उभे असलेले बिहार-बंगालचे आईबाप, ही सगळी एका रेषेवरची माणसं आहेत. ती रेषा मी रोज ओलांडते. माझं ऑफिस एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आहे.

माझी पणजी परळच्याच एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिसऱ्या बाळंतपणात गेली, १९३० च्या आगेमागे. घरात तिच्याबद्दल एवढंच सांगतात: पायांना सूज आली, जिना चढवेना, अंग पांढरं पडलं, आणि गेली. फोटो नाही. तिला तोच आजार होता असं मी म्हणणार नाही, त्या काळी बाई दगावायला शंभर कारणं होती. पण विल्स यांच्याबद्दलची ती पानं वाचताना मी प्रत्येक 'गिरणी कामगार स्त्रिया' या शब्दांवर थांबत होते. आजीला आईविना वाढवणारी ती जागा मला प्रथमच कुणीतरी नकाशावर दाखवत होतं.

आणि तिथेच माझी तक्रारही आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत विल्स यांचं नाव आहे, माकडही आहे, मार्माइटचं नाव तर आहेच. त्या बायकांतल्या एकीचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. रॉबर्ट सँडलरला अर्पणपत्रिका मिळाली, ती मिळायलाच हवी होती. दुसरीकडे मी वाचलेल्या गिरणगावच्या कादंबऱ्यांत भोंगा आहे, खानावळ आहे, संप आहे, दारूही आहे, पण हा आजार नाही. माझ्या दोन्ही कपाटांत पणजी नाही.

पणजीसारखी बाई ज्यात असेल असं पुस्तक मला मराठीत वाचायचं आहे. त्यात पेशींची मोजणी नीट समजावून सांगितलेली असावी, न दमता. आणि त्यातच हेही असावं की तपासणीला जायचं म्हणून तिने पाळी कुणाला बदलून दिली, त्या दिवसाचा पगार कापला का, परदेशी बाईने दिलेला तो काळा लगदा तिने भाकरीला लावून खाल्ला की नाक दाबून गिळला, त्यात मांस-दारू काही आहे का म्हणून सासूने आडकाठी केली का, गुण आल्यावर तिने शेजारणीला सांगितलं का. मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या सवलतींचा कायदा १९२९ मध्ये झाला, त्याचे पैसे तिच्या हातात पडले का. हे कुणी लिहायला घेतलं तर कामं दोन आहेत: हाफकिनमधल्या त्या काळच्या संशोधनाचे अहवाल काढून बसायचं, आणि लालबाग-परळच्या चाळींत ज्या म्हाताऱ्यांना त्यांच्या आयांनी सांगितलेलं अजून आठवतंय त्यांच्याशी बोलायचं. अहवाल थांबतील. म्हाताऱ्यांकडे आधी जायला हवं.